फळ्यावर कळतं, वहीत अडतं

मॅडम, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले. बारावीला बायॉलॉजी घेतलं, मॅथ्स सोडलं. यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. केमिस्ट्री मुख्य आणि फिजिक्स जोडीला. सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा सगळं कळतं. घरी तेच गणित घेऊन बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. चाचणीत २० पैकी ५ पडले. मैत्रिणी उत्तरं पाठ करतात, त्यांना १४-१५ पडले. अप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सुट्टीत मी कॉइल भरायला बसते, तिथं मला काही अडत नाही. दादा म्हणतो, फिजिक्स आपल्या डोक्याचं नाही, विषय बदलून घे, अजून वेळ आहे. बदलू का? वर्गात शंका इंग्रजीत विचारायची लाज वाटते, तेही एक आहेच.
— एक विद्यार्थिनी

बेटा,

'फळ्यावर सगळं कळतं' हे तुझं वाक्य वाचलं आणि जुनी स्टाफरूम आठवली. मी ३१ वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. गणपतीच्या आगेमागे पहिली चाचणी व्हायची, आणि पेपर वाटले की दारात एकेक जण नेमकं हेच वाक्य घेऊन उभा. सुरुवातीची काही वर्षं मी 'प्रॅक्टिस कर' एवढंच सांगून त्यांना वाटेला लावायचे. सल्ला चुकीचा नव्हता, पण त्यानं कुणाचं काही भलं झाल्याचंही मला आठवत नाही. म्हणून तुला जरा बैजवार सांगते.

तुमच्या घरी खापरावरचे मांडे होतात ना? आजी पुरणाचा उंडा हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत बघता बघता पोळी उपरण्याएवढी करते आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकते. चुलीशेजारी बसून आपण पाहतो. सगळं कळतं. आणि आजीनं 'घे, तू कर' म्हटलं की तिसऱ्या झेलीला मधोमध भोक पडतं. कारण तिचे हात काय करतात ते आपल्याला दिसलं. कणीक किती सैल, कधी थांबायचं, कुठल्या बाजूला वजन जातंय, हे तिनं मनगटात ठरवलेलं आपल्याला दिसतच नाही.

फळ्याचं तसंच आहे. सरांनी खडू टेकवायच्या आधीच चार गोष्टी ठरवलेल्या असतात. कुठल्या वस्तूकडे बघायचं, काय सोडून द्यायचं, धन दिशा कोणती धरायची, नियम कुठला लावायचा. त्यांना ही सवय वीस वर्षांची, त्यामुळे ते हे बोलूनही दाखवत नाहीत. फळ्यावर उतरतो तो उरलेला हिशेब, आणि हिशेब तुला येतो. म्हणून तुला वाटतं की गणित आलं. घरी मात्र त्या चारही गोष्टी तुलाच ठरवायच्या असतात. तुझी पहिली ओळ अडते ती तिथे. 'कळणं' आणि 'येणं' हे शब्द आपल्याकडे वेगळे आहेत ते उगाच नाही.

हे फक्त पारोळ्याच्या पोरीचं होतं असं समजू नकोस. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्सच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमावर एक प्रयोग झाला, त्याचा निबंध २०१९ मध्ये छापून आला. एका गटाला उत्तम, ओघवतं व्याख्यान. दुसऱ्याला तोच भाग, पण गटागटांत बसून स्वतः प्रश्न सोडवत. मग गटांची अदलाबदल. चाचणीत जास्त मार्क पडले ते स्वतः डोकं फोडलेल्यांना. गंमत अशी की 'तुम्ही किती शिकलात असं वाटतं' हे विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांना आपणच जास्त शिकलो असं वाटत होतं. छान ऐकलं की पोट भरल्यासारखं वाटतं. अडखळत सोडवलं की आपण बिनडोक आहोत असं वाटतं. घरी बसून तुला जे बिनडोक वाटतं ना, शिकणं त्याच वेळी चालू असतं.

आता एक लिंबू घे. खरंच घे, मग पुढे वाच.

सरळ वर फेक आणि झेल. लिंबू हातातून सुटून वर चाललंय, अजून माथ्याला पोचलेलं नाही, त्या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? वहीत बाण काढ. हा प्रश्न मी दर वर्षी पहिल्या दिवशी विचारायचे. बहुतेक वर्ग दोन बाण काढायचा: वजनाचा खाली आणि 'हाताचा जोर' वर. आणि माथ्यावर? 'तिथे बल शून्य, मॅडम.' हवेचा किरकोळ अडथळा सोडला तर वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना एकच बाण आहे, खालचा, तेवढाच लांब. हात सुटला की हाताचा संबंध संपला. लिंबाकडे उरतो तो वेग. वेग म्हणजे बल नव्हे. माथ्यावर वेग शून्य होतो, त्वरण नाही. तेही शून्य असतं तर लिंबू तिथेच लटकून राहिलं असतं.

तू दोन बाण काढले असलेस तर लाजू नकोस. मीही काढले होते, आणि तेही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्गासमोर. सर काही बोलले नाहीत, त्यांनी डस्टर उचलून वर फेकलं, झेललं आणि मला विचारलं, 'माझा हात आता कुठे आहे?' घरी जाईपर्यंत कान गरम होते. गिरणाकाठच्या शाळेत बलाची व्याख्या मी घडाघडा म्हणायचे. डोळ्यांना मात्र 'जोर असेल तरच वस्तू हलते' हेच दिसत होतं. बैलगाडी ओढणं सोडलं की थांबते, आपण लहानपणापासून तेच पाहिलेलं. गाडीला थांबवणारं घर्षण कुणाला दिसतं?

फिजिक्सच्या पहिल्या वर्षाची खरी कुस्ती ही आहे. नवीन माहिती थोडीच असते. डोक्यात घट्ट बसलेली जुनी समजूत उपटून काढायची असते, आणि ती पाठांतरानं निघत नाही. तुझ्या मैत्रिणींच्या १५ मार्कांचं कोडंही इथेच सुटतं. हार्वर्डचेच एरिक माझूर नावाचे प्राध्यापक आहेत. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या हुशार विद्यार्थ्यांना लिंबासारखेच साधे, आकडे नसलेले प्रश्न घातले. अवघड गणितं सोडवणारी पोरं त्यात आपटली. एकानं तर त्यांनाच विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलं तसं लिहू की मला वाटतं तसं? तेव्हा मैत्रिणींचा हेवा करू नकोस. त्यांना वाईटही म्हणू नकोस, चाचणी तशी होती, त्यांनी तसा अभ्यास केला. पण पुढच्या सेमिस्टरला प्रश्नातला आकडा सोडून प्रसंग बदलला की काय होतं ते बघ.

बरं, आता पहिली ओळ कशी सुचवायची? एक गणित तुझ्याच दुकानातलं घेऊ. पाणी ६० मीटर खोल आहे. ५ एचपीची मोटार. १,००० लिटरची टाकी भरायला किती वेळ लागेल?

पुस्तक उघडू नकोस. सूत्र शोधायला लागलीस की संपलं. मग तू प्रश्नातली अक्षरं आणि सूत्रातली अक्षरं जुळवत बसतेस, उपवर मुलांच्या पत्रिका जुळवाव्यात तशी. आधी चित्र काढ: खाली पाणी, वर टाकी, मध्ये ६० मीटर. मग आपल्या भाषेत, अगदी अहिराणीत, एक वाक्य लिही की इथे काय चाललंय. 'मोटार पाणी उचलते.' बस. उचलायला ऊर्जा लागते, मोटार ती सेकंदाला ठरावीक देते. एकूण भागिले सेकंदाची, म्हणजे वेळ. झाली की पहिली ओळ! अजून एकही सूत्र आलेलं नाही.

आणि हिशेबाच्या आधी अंदाज लिही. तू दुकानात वाढलीस, तुला साधारण ठाऊक आहे की अशा मोटारीला हजार लिटरला काही मिनिटं लागतात. लिही: 'पाच-सहा मिनिटं'.

आता आकडे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, तेव्हा १,००० किलो गुणिले ९.८ गुणिले ६० मीटर, म्हणजे ५,८८,००० ज्यूल. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा ५ एचपी ३,७३० वॅट. भागाकार साधारण १५८ सेकंद, म्हणजे दोन मिनिटं अडतीस सेकंद. तुझ्या अंदाजाच्या निम्मं आलं. का? कारण आपण धरलं की मोटारीची सगळी शक्ती पाण्याला मिळाली. प्रत्यक्षात पंपाचं बेअरिंग घासतं, पंपात पाणी घुसळतं, पाइपात अडतं. पाण्यापर्यंत निम्मी पोचते असं धर, की सव्वापाच मिनिटं. आला ना तुझा अंदाज?

पुढचं लक्ष देऊन वाच, कारण तुझं बलस्थान इथे आहे. समज तू घाईत ९.८ नं गुणायचं विसरलीस. उत्तर १६ सेकंद येईल. हजार लिटर १६ सेकंदांत? अप्पा हसतील. समज तू एचपीचे वॅट केलेच नाहीत आणि ५ नंच भागलंस. उत्तर जवळजवळ ३३ तास. टाकी भरेपर्यंत पीक वाळून जाईल. शहरातल्या ज्या मुलीनं आयुष्यात फक्त नळ सोडला, ती यातलं कुठलंही उत्तर लिहून दोन रेघा मारून मोकळी होईल. तुला लगेच खटकेल. हे खटकणं म्हणजेच फिजिक्सचं डोकं, दादाला सांग. फक्त एककं सुटू देऊ नकोस. प्रत्येक आकड्याच्या शेपटीला त्याचं एकक हवंच. मीटर, किलो, सेकंद. शेवटी वेळ काढायची आणि हातात ज्यूल उरले, तर चूक वरच्याच ओळींत कुठेतरी आहे.

दुकानाचा विषय निघाला आहे तर एक प्रश्न तुला देऊनच टाकते. रात्री व्होल्टेज पडतं आणि सकाळी शेतकरी जळकी मोटार घेऊन दारात येतो. ओहमचा नियम शिकलेला विद्यार्थी म्हणेल की व्होल्टेज कमी झालं म्हणजे करंटही कमी, मग जळाली कशी? अप्पा सांगतील, 'व्होल्टेज पडलं की मोटार ॲम्पिअर जास्त खाते.' अनुभवानं ते बरोबर सांगतात. पण का? मोटार म्हणजे नुसती तार नव्हे. फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंटला अडवून धरते. पाण्याचा लोड तर तेवढाच आहे. व्होल्टेज पडलं की मोटारीचा पीळ घालायचा जोर कमी होतो, ती जरा मंदावते, अडवणं सैल पडतं, आणि लोड ओढण्यासाठी ती जास्त करंट घेते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट २० टक्के जास्त झाला तर उष्णता ४४ टक्के जास्त: १.२ गुणिले १.२ करून बघ. व्हार्निश करपल्याचा जो वास तुला दुरून ओळखू येतो, तो या वर्गाचा वास आहे. हा भाग तुला विजेच्या पेपरात भेटेल. तोपर्यंत वहीच्या मागच्या पानावर असे 'का?' लिहून ठेवत जा. मला ३१ वर्षांत फार थोड्या मुलांकडे स्वतःचे प्रश्न असलेले दिसले. तुझ्याकडे दुकानभर आहेत.

मॅथ्स. इथे मात्र लाडीगोडी करणार नाही. बारावीला सोडलंस त्याचा तोटा आहे आणि तो भरावाच लागेल. पण जेवढा वाटतो तेवढा मोठा नाही. पहिल्या सेमिस्टरला लागतं ते असं: त्रिकोणातले साइन-कॉस, सदिश म्हणजे व्हेक्टरचे घटक पाडणं, आलेखाचा चढ, आणि सोपे डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रल. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण यासाठीच आहे, आणि ते बहुतेकांनी 'परीक्षेला कमी मार्कांचं' म्हणून उडवलेलं असतं. तूही उडवलं असशील. पुस्तक रद्दीत गेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. रोज अर्धा तास, तीन आठवडे. वाचायचं नाही, सोडवायचं.

डेरिव्हेटिव्ह या शब्दाला घाबरू नकोस. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बस. १८ किलोमीटरला ३६ मिनिटं लागली म्हणजे सरासरी ताशी ३० किलोमीटर. पण काटा कधी ६० वर होता, थांब्यावर शून्यावर. त्या त्या क्षणी काटा जे दाखवतो, तो डेरिव्हेटिव्ह. आपल्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलीस तर तिथल्या शिलालेखाची गोष्ट ऐकायला मिळेल: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ग्रहांची 'तात्कालिक गती' काढली होती, म्हणजे या क्षणीची गती. नंतर न्यूटन आणि लाइब्निझ यांनी त्याचं पूर्ण शास्त्र उभारलं, ते श्रेय त्यांचंच. मला सांगायचं एवढंच की 'या क्षणी किती' हा प्रश्न खानदेशातल्या मठात शिकवला जात होता, आणि आपण त्याला परका समजून बिचकतो.

प्रॅक्टिकलबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. सगळे तेच करतात. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करणं आणि ९.८ आणायला रीडिंग 'बसवणं' असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. मी स्वतः अशी बसवलेली रीडिंगं सह्या करून पास केली आहेत, खोटं कशाला बोलू. पण तू बसवू नकोस. तुझ्या हाताला तारेचं माप कळतं. २२ गेजची तार स्क्रू गेजमध्ये धरलीस तर ०.७१ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. वरचं इनॅमल घासायचं राहिलं तर थोडं जास्त येईल, आणि ते का जास्त आलं हे लिहिणं हाच प्रयोग आहे.

आणि घरी एक प्रयोग कर, जर्नलसाठी नव्हे, माझ्यासाठी. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका उतरवून दोर कुठेतरी गुंडाळून ठेवला असेल. तो परत निंबाला बांध. आजी म्हणेल, 'आखाजी गयी ना माय, आते काय झोका?' म्हणू दे. फांदीपासून फळीपर्यंत टेपनं मोज. समज बरोबर ४ मीटर भरलं. धाकट्या बहिणीला किंवा शेजारच्या पोरीला बसव, पाय गोळा करून गप्प बसायला सांग, हलकासा झोका दे. मोठा नको, झोका फार उंच गेला की एका फेरीचा वेळ थोडा वाढतो आणि साधं सूत्र लागू पडत नाही. मोबाइलवर दहा फेऱ्यांचा वेळ घे. एकाच फेरीचा घेतलास तर बटण दाबायच्या चुकीतच निम्मं उत्तर जाईल.

समज ३९.१ सेकंद आले. एका फेरीला ३.९१. झोक्याचं सूत्र तुला माहीत आहे. त्यावरून गुरुत्व त्वरण काढ: ४ गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले वेळेचा वर्ग. उत्तर येईल १०.३ च्या आसपास. आता तू म्हणशील, चुकलं, ९.८ हवं होतं, आणि रीडिंग खोडायला रबर शोधशील. थांब. घड्याळ बरोबर, टेप बरोबर. मग चुकलं काय? लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस? फळीपर्यंत. पण झोके फळी घेत नाहीये, पोरगी घेतेय, आणि बसलेल्या माणसाचा वस्तुमानमध्य फळीच्या वीतभर वर असतो. ४ च्या जागी ३.८ मीटर घालून बघ. ९.८ च्या अगदी जवळ येशील.

मग तिला उभं कर. मध्य आणखी वर गेला, लांबी आणखी घटली, फेरी साडेतीन सेकंदांच्या जवळपास येईल. आणि मग दोघींना शेजारी शेजारी बसव. वजन दुप्पट, वेळ? आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. आखाजीला इतकी वर्षं झोके घेतले, पण माझ्याही हे लक्षात कधी आलं नव्हतं. मला ते कळलं नोकरी लागल्यावर, एका विद्यार्थिनीनं 'मॅडम, जाड पोरगी बसली तर झोका हळू जातो का?' असं विचारल्यावर, आणि मला फळ्यावरचं उत्तर येत असूनही मनातून खात्री नव्हती म्हणून.

निंबाची फांदी नसेल किंवा पाऊस असेल तर मोबाइलवर 'फेट' नावाची सिम्युलेशनं बघ. कोलोरॅडो विद्यापीठानं २००२ पासून केलेली, फुकट, आणि त्यातली बरीच मराठीतही आहेत. पण आधी झोका.

राहिली इंग्रजी. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे हे खरं, विचार इंग्रजीत करायचा असा कुठेही नियम नाही. बाण, आलेख, समीकरण यांना भाषा लागत नाही. उरतात ते वीस-पंचवीस ठरलेले शब्द; दहावीपर्यंतचं बल, संवेग, त्वरण, कार्य, शक्ती एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला असं एक पान कर आणि वहीच्या पुठ्ठ्याला चिकटव. एक सावधगिरी मात्र ठेव. आपण दुकानात 'पॉवर नाही', 'लाइट गेली', 'करंट मारला' हे शब्द कसेही फिरवतो. पेपरात पॉवर, एनर्जी आणि फोर्स या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि तिथे फिरवाफिरवी केली की मार्क जातात. शंका मराठीत विचार. सरांना मराठी येतं. वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर वही घेऊन जा, पण कोरी वही घेऊन जाऊ नकोस. चित्र काढलेलं, बाण काढलेले, आणि जिथे अडलं तिथे पेन्सिलीनं गोल. 'सर, हे समजलं नाही' या प्रश्नाला कुठलाही मास्तर पुन्हा तेच व्याख्यान देतो. 'सर, हा बाण इकडे का?' याला उत्तर द्यावंच लागतं.

एक सवय अजून. सरांनी वर्गात सोडवलेलं गणित त्याच संध्याकाळी, वही मिटून, कोऱ्या कागदावर पुन्हा सोडव. अडलीस तर वहीत फक्त पुढची एक ओळ बघ आणि परत मीट. दोन दिवसांनी तेच गणित आकडे बदलून. सुरुवातीला एकाला पाऊण तास जाईल आणि तुला माझा राग येईल. आठवड्याला अशी चार झाली तरी पुष्कळ. चाळीस गणितं उतरवून काढण्यापेक्षा खूप जास्त.

विषय बदलू का, हे तू विचारलंस आणि मी अजून सांगितलं नाही. बदलायची शेवटची तारीख कॉलेजच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचारून घे, दादाच्या अंदाजावर राहू नकोस. तीन आठवडे हातात असतील तर वर सांगितलं तसं करून बघ आणि मग जुनी चाचणी, तीच २० मार्कांची, घड्याळ लावून पुन्हा सोडव. दहाच्या वर गेलीस तर राहा. केमिस्ट्री मुख्य आहे म्हणतेस. पुढे त्यातही ऊर्जा, अणू, वर्णपट सगळं फिजिक्सवरच उभं आहे, तेव्हा आज केलेलं वाया जात नाही. पाचच राहिले तर बघ की गणितात अडतेस की बाणांत. गणितात असेल तर अजून एक महिना दे. आणि तीन आठवडे मनापासून करूनही लिंबू वर फेकावंसंच वाटलं नाही, कंटाळाच आला, तर खुशाल बदल. त्यात हार वगैरे काही नाही. माझी एक हुशार विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला बॉटनीकडे गेली आणि आज मजेत आहे. फक्त '५ पडले' या कारणासाठी बदलू नकोस. आणि 'आपल्या डोक्याचं नाही' या कारणासाठी तर मुळीच नाही. ज्या घरात जळकी मोटार उघडून पुन्हा चालती करतात त्या घरात हे वाक्य कुणी बोलावं, याचंच मला नवल वाटतं.

झोक्याचे आकडे मला पाठव. आले तसे, खाडाखोड न करता, आणि दोर फांदीला कुठे बांधला त्याचं चित्र काढून. गाठीपासून मोजलंस की फांदीच्या मधून, तेही लिही. तिथेही दोन-चार सेंटीमीटर लपलेले असतात.